कंडक्टरकाकांचा घास

मला फसवलेलं आवडत नाही. नवऱ्याला विचारा, भाजीवाल्याला विचारा. पण आमच्या वृद्धाश्रमाच्या जेवणघरात तीन म्हाताऱ्या माणसांनी संगनमत करून कित्येक आठवडे माझ्या डोळ्यांत धूळ फेकली आणि मला त्याचा वासही आला नाही. कळलं ते एका माणसाचा जीव जायची वेळ आली तेव्हा.

माझं काम मदतनीसाचं. गोळ्या-इंजेक्शनं नर्स बघतात. उठवणं, आंघोळ घालणं, बटणं लावणं, फिरवून आणणं आणि भरवणं आमच्याकडे. दुपारच्या जेवणाला खालच्या मोठ्या खोलीवर माझी नेमणूक असते. खोली तशी बरी आहे. मोठ्या खिडक्या, पुसता येतील असे टेबलक्लॉथ, भिंतीला टेकवून ठेवलेले वॉकर आणि कुणाच्या ना कुणाच्या कानातल्या यंत्राची बारीक शिट्टी. इथली माणसं मला पोरी म्हणतात. माझी पन्नाशी जवळ आली आहे, पण त्यांच्या हिशेबानं मी अजून शाळेतच आहे.

खिडकीजवळच्या टेबलावर तिघं बसत. मास्तरीणबाई, शिंपीकाका आणि कंडक्टरकाका. कंडक्टरकाकांनी जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडली, त्यामुळे अजूनही जेवणघरात शिरताना ते दाराशी रेंगाळणाऱ्यांना "चला, पुढे सरका, आत जागा आहे" म्हणतात. वर्षभरापूर्वी त्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. हातपाय सावरले, जीभ जराशी जड राहिली, आणि गिळण्यात दोष राहिला. डॉक्टर म्हणाले, खाणं मऊ द्या. मऊ म्हणजे काय ते आमच्या मॅडमनी ठरवलं. मॅडम म्हणजे आश्रमाच्या व्यवस्थापिका. त्यांनी काकांचं सगळं जेवण मिक्सरमधून काढायचा हुकूम दिला. तेव्हापासून त्यांच्या ताटलीत तीन रंगांचे तीन गोळे येत. काका त्याला गिलावा म्हणत.

"आज हिरवा गिलावा चांगला बसेल भिंतीला," असं म्हणून ते चमचा उभा खोचून ठेवत. चमचा पडत नसे.

मॅडम दुष्ट आहेत असं मला म्हणायचं नाही. आधीच्या नोकरीत त्यांच्यावर एका म्हाताऱ्याच्या मुलांनी तक्रार केली होती आणि ती त्यांना फार जड गेली होती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पण ताक मॅडमनी फुंकायचं आणि उपाशी काकांनी राहायचं, हा कुठला न्याय, ते मला आजवर कळलेलं नाही.

त्या दुपारी सूप होतं, उकडलेले बटाटे होते आणि कडक सालीचा पाव होता. अर्थात बाकीच्यांना. काकांना गिलावा. मी दाराजवळच्या टेबलावर एका आजींना भरवत होते, तेवढ्यात मास्तरीणबाईंना ठसका लागला.

बाईंना ठसका लागायचाच. दोन-तीन दिवसांआड जेवताना लागे. मी धावत जाई, पाठीवरून हात फिरवी, पाणी पाजी, मग त्या डोळे पुसून "सुटला गं बाई" म्हणत. मला वाटे, वय झालं, घसा कोरडा पडत असेल. त्या दिवशीही मी चमचा ठेवून धावले. पण त्या दिवशीचा ठसका काही थांबेना. बाई पाणी पीत होत्या, श्वास घेत होत्या आणि पुन्हा खोकत होत्या. शिंपीकाका त्यांच्याकडे न बघता सुपात बघत होते. बाकीच्या टेबलांवरची माणसं वळून बघू लागली. सगळ्या खोलीचं लक्ष बाईंच्या खोकल्याकडे.

आम्हाला नोकरीला लागताना प्रथमोपचार शिकवतात. तिथल्या शिकवणाऱ्यांचं एक वाक्य डोक्यात बसलं होतं. खोकणाऱ्याच्या छातीत हवा आहे, जो खोकत नाही त्याच्याकडे बघा. बाईंच्या पाठीवर हात ठेवूनच मी मान वर केली.

समोर कंडक्टरकाका बसले होते. दोन्ही हात टेबलावर, तोंड अर्धवट उघडं, आणि तोंडातून आवाज म्हणून काही नाही. एरवी बाई खोकल्या की हा माणूस "घंटी वाजवू का, बस थांबवू का" असं काहीतरी बोलायचाच. आता त्यांचे डोळे माझ्यावर रोखलेले होते आणि ओठांचा रंग उतरून निळसर झाला होता. एक हात गळ्याकडे निघाला आणि अर्ध्यातच पडला.

मी टेबलाला वळसा घालून कशी पोचले ते मला आठवत नाही. "काका, घास अडकला?" मी विचारलं. मान हलली. दाराजवळच्या मदतनीस मुलीला मी ओरडून सांगितलं, नर्सला बोलाव, अँब्युलन्सला फोन कर. काकांना पुढे वाकवलं, एका हातानं छाती तोलून धरली आणि तळहाताच्या मुळानं दोन्ही खांद्यांच्या मध्ये मारायला लागले. हलक्या हातानं नाही. म्हाताऱ्या माणसाला असं मारताना आपलाच हात आखडतो, पण आखडला तर माणूस जातो. काही निघालं नाही. त्यांना खुर्चीतून उभं केलं, मागून कवेत घेतलं, बेंबीच्या वर मूठ धरली, दुसऱ्या हातानं ती मूठ पकडली आणि आत-वर असा जोरात हिसका दिला. एकदा, पुन्हा, पुन्हा. त्यांची मान माझ्या खांद्यावर पडायला लागली होती. माझ्या मिठीतला माणूस हळूहळू जड होत होता आणि मला एवढंच वाटत होतं की मी सोडणार नाही, काही झालं तरी सोडणार नाही.

मग काहीतरी सुटलं आणि ते थेट शिंपीकाकांच्या सुपात जाऊन पडलं. पावाच्या सालीचा कडक तुकडा, चांगला अंगठ्याएवढा. काकांनी ओढलेला तो पहिला श्वास गंजलेल्या दाराच्या बिजागरीसारखा वाजला. त्याहून गोड आवाज मी ऐकलेला नाही.

"मला आता सूप नको," शिंपीकाका म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं.

अँब्युलन्स आली, काकांना घेऊन गेली. मी मास्तरीणबाईंसमोर जाऊन उभी राहिले. त्यांचा ठसका सुंठीवाचून गेला होता.

"बाई, काय चाललं होतं?"

मग सगळं बाहेर आलं. शिंपीकाका आपल्या पावातला तुकडा टेबलाखालून कंडक्टरकाकांना द्यायचे. मी त्या बाजूला बघायला लागले की बाई खोकायच्या, म्हणजे मी बाईंकडे जाणार आणि काकांना चावायला वेळ मिळणार. घास गिळून झाला की शिंपीकाका बाईंच्या पायाला पायानं डिवचत, मग खोकला बंद. त्या दिवशी शिंपीकाकांनी बघितलं तर कंडक्टरकाकांचं तोंड उघडं, डोळे मोठे. त्यांना वाटलं, अजून चावताहेत. म्हणून त्यांनी डिवचलं नाही. आणि डिवचलं नाही म्हणून बाई खोकत राहिल्या. एक माणूस गुदमरत होता आणि त्याचे जिवलग मला त्याच्यापासून लांब ठेवत होते, तेही जीव तोडून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही, माझ्या जिभेला हाड नाही हे घरीदारी सगळ्यांना ठाऊक आहे. शिंपीकाका मान खाली घालून ऐकत होते. बाई मात्र ताठ बसल्या होत्या.

"खोकले ही माझी चूक," त्या म्हणाल्या. "ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण पाव दिला ही चूक नाही. तू मला हवं ते बोल, पण हे मला कबूल करायला लावू नकोस."

"मेले असते ते, बाई."

"माहीत आहे. आणि वर्षभर ते कसे जगत होते, तेही मला माहीत आहे. समोर मी बसते, तू नाही."

मी आणखी चिडले आणि टेबलावरचं सूप उचलून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी काकांना परत आणलं. छाती साफ होती, बरगड्या दुखत होत्या, त्या माझ्यामुळे. मॅडमनी तोवर नवे नियम काढले होते. कंडक्टरकाका यापुढे आपल्या खोलीत एकटे जेवतील. खिडकीजवळचं टेबल हलवून मास्तरीणबाईंना एका कोपऱ्यात आणि शिंपीकाकांना दुसऱ्या. आणि कडक पाव सगळ्यांचाच बंद. साप साप म्हणून भुई धोपटायची, ती अशी.

काकांचा गिलावा मी खोलीत घेऊन गेले. त्यांनी तोंड उघडलं नाही. रागानं नाही, भांडून नाही. नुसतं उघडलं नाही. रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही. पातळ चहानं ठसका लागू नये म्हणून त्यात तो घट्ट करायची पूड घालून देतात, तोही तसाच. दुपारी मी चमचा ताटलीत आपटला.

"काका, मी तुम्हाला उगाच बडवलं का? माझे दंड अजून ठणकताहेत."

त्यांचा घसा बसलेला होता. ते हळू बोलले. "पोरी, तू माझा जीव वाचवलास. मानतो. पण वाचवून ठेवलास कुठे? या खोलीत? डेपोत आम्ही पंधरा जण एका बाकावर जेवायचो. भांडत जेवायचो. मी जन्मात एकटा जेवलो नाही. एकटं जेवायला मी काय चोरी केली आहे?"

"पण खाल्लं नाहीत तर नळी घालतील."

"घालू देत. माझ्या नाकात नळी आणि तुझ्या हातात चमचा. मग तूही सुटलीस."

संध्याकाळी डॉक्टर आले. काकांची लेकही आली होती, कामावरून तशीच, खांद्यावरची पिशवी न उतरवता. डॉक्टर भला माणूस आहे, लपवाछपवी करत नाही. मॅडम, लेक आणि मी, तिघींसमोर त्यांनी सांगितलं. धोका आहे आणि राहणार. अजिबात खात नसतील तर नळीचा विचार करावा लागेल. खायला तयार असतील तर मऊ, भिजवलेलं, लहान घास, ताठ बसून, हनुवटी खाली, आणि समोर जाणतं माणूस. त्यांचं डोकं शाबूत आहे, तेव्हा ठरवायचं त्यांनी.

"म्हणजे नळी सुरक्षित," मॅडम म्हणाल्या.

"नळीचेही त्रास असतात," डॉक्टर म्हणाले. पण लेकीनं सुरक्षित एवढाच शब्द ऐकला होता.

तिला मी दोष देत नाही. आई लहानपणीच गेली, भाऊ नाही, बहीण नाही. जिन्यात तिनं माझा हात धरला. "परवा तुम्ही नसतात तर मला फोन आला असता, आणि संपलं असतं. मला पुन्हा तो फोन नको आहे. उद्या दुपारी येते आणि नळीसाठी त्यांचा होकार घेते. ते कंटाळून हो म्हणतील."

ते म्हणतील हे मलाही दिसत होतं. उपाशी माणसाकडून होकार काढणं सोपं असतं. आणि तिथेच माझं डोकं फिरलं. इतके दिवस माझा राग त्या तिघांवर होता. आता तो जागा बदलून बसला. त्या माणसाला मी मिठीत धरून परत ओढून आणलं होतं. माझी मूठ त्याच्या पोटात रुतली होती. त्यानंतर त्याचं काय करायचं याची चर्चा जिन्यात चालणार, मॅडमच्या खोलीत चालणार, आणि त्यानं फक्त मान हलवायची.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो भांडी पुसत होता.

"नोकरी जाईल," तो म्हणाला.

"जाऊ दे."

"आणि तो पुन्हा गुदमरला तर?"

"तर पुन्हा मारीन पाठीत."

"आणि नाही निघालं तर?"

"तर तो चार माणसांत जेवता जेवता जाईल," मी म्हणाले. "आणि मी शेवटपर्यंत त्याला धरून असेन. नळी लावून भिंतीकडे बघत तरी तो जाणार नाही." नवऱ्यानं ताटली जागेवर ठेवली. तो मला ओळखून आहे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी मी काकांच्या खोलीत गेले ती रिकाम्या हातानं. लेक पलंगाच्या कडेला बसून समजावत होती आणि काका छताकडे बघत होते.

"उठा," मी म्हणाले. "जेवायला चला."

"कुठे?" लेकीनं विचारलं.

"जेवणघरात. माणसं जेवतात तिथे. काका, चालत येणार की खुर्ची आणू?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हातानं चादर बाजूला केली. "चालत."

दोन दिवसांच्या उपासानं पाय लटपटत होते. वॉकर पुढे, मागे मी, माझ्यामागे लेक, "अहो ताई, ऐका तरी" म्हणत. आम्ही तिघं जेवणघरात शिरलो. मी दोन्ही कोपऱ्यांतून मास्तरीणबाई आणि शिंपीकाकांना उठवलं आणि खिडकीजवळच्या टेबलावर आणून बसवलं. टेबल मॅडमनी हलवलं होतं, मी ते ओढून जागेवर आणलं. फरशीवर त्याचा असा काही आवाज झाला की मॅडम त्यांच्या खोलीतून बाहेर आल्या.

"हे काय चाललंय?"

"जेवण," मी म्हणाले.

पावाचा पांढरा गाभा काढून मी सुपात भिजवला, चांगला मऊ होईपर्यंत. उकडलेला बटाटा काट्यानं दाबून घेतला. गोळा नाही केला, बटाटा बटाट्यासारखा दिसेल एवढाच दाबला. नर्सला बाजूला उभं राहायला सांगितलं, आणि ती राहिली. काकांना ताठ बसवलं, मी त्यांच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून.

"आता ऐका सगळे," मी खोलीला म्हणाले. "हे जेवताहेत आणि ते सगळ्यांसमोर जेवताहेत. टेबलाखालून काही जाणार नाही. मला यांचा श्वास ऐकू यायला हवा, तेव्हा ज्याला बोलायचंय त्यानं नंतर बोला."

"मी हे होऊ देणार नाही," मॅडम म्हणाल्या. "काही झालं तर जबाबदार कोण?"

"मी. त्या दिवशीही मीच होते. तुम्ही तेव्हा मीटिंगमध्ये होतात."

हे बोलायला नको होतं, पण बोलले. मॅडमचा चेहरा लाल झाला. "डॉक्टरांनी सांगितलंय त्याच्या बाहेर मी काही करत नाहीये," मी म्हणाले. "मऊ, लहान, ताठ, समोर माणूस. तुम्ही विचारा त्यांना फोन करून. तोवर आम्ही सुरू करतो."

मी चमचा भरून पुढे केला. काकांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. हात कापत होता, सूप शर्टावर सांडलं, पण चमचा त्यांनी स्वतःच तोंडात घातला. हनुवटी खाली. ते चावत होते. भिजलेल्या पावाला चावायचं ते काय, पण ते चावत होते, सावकाश, डोळे मिटून. मास्तरीणबाईंनी हातरुमाल तोंडावर घट्ट दाबून धरला होता. माझी एक मूठ मांडीवर आपोआप आवळली गेली होती. गळ्यातली घाटी वर गेली, जराशी अडखळली, आणि खाली आली.

"तोंड उघडा."

त्यांनी उघडलं. रिकामं होतं. मी कान पुढे करून श्वास ऐकला, आणि तो नीट चालू होता. त्यांनी लगेच दुसरा चमचा भरायला घेतला.

"थांबा, घाई नको. गाडी चुकत नाही," मी म्हणाले. शिंपीकाका हसले आणि हसता हसता त्यांनी नाक पुसलं.

मॅडम टेबलाशी आल्या. आवाज खाली आणून, अगदी सभ्यपणे त्या म्हणाल्या, "तुम्ही उद्यापासून येऊ नका."

"उद्याचं उद्या बघू," मी मान न वळवता म्हणाले. मान वळवता येणार नव्हती, काकांच्या तोंडात घास होता. "आज यांचं ताट संपल्याशिवाय मी इथून हलत नाही. हलवायचं असेल तर माणसं बोलवा."

"आणि माणसं बोलवाल तर इथल्या सगळ्यांना हलवायला बोलवा," मास्तरीणबाई रुमाल बाजूला करून म्हणाल्या. "वॉकरसकट. वेळ लागेल हं, आधीच सांगते."

मॅडमनी लेकीकडे बघितलं. "तुमचे वडील आहेत. तुम्हीच सांगा काय ते. तुम्ही नको म्हणा, मी आत्ता थांबवते."

मीही लेकीकडे बघितलं. सगळी खोली बघत होती. ती भिंतीशी उभी होती, पिशवी छातीशी धरून, आणि तिचा चेहरा भीतीनं पांढरा पडला होता. तिनं एक शब्द म्हटला असता तर मला चमचा खाली ठेवावा लागला असता. तिच्यापुढे माझं काही चाललं नसतं, हे मला माहीत होतं. ती वडिलांच्या गळ्याकडे टक लावून बघत होती. दुसरा घास खाली गेला. तिसरा बटाट्याचा होता, तोही गेला.

कंडक्टरकाकांनी चमचा ताटलीत ठेवला. ओठ पुसले, तोंड वाकडं केलं, आणि बसलेल्या घशानं पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "याला मीठ नाही."

"त्यांना मीठ चालत नाही," मॅडम म्हणाल्या. "ब्लडप्रेशर आहे."

लेकीनं पिशवी खाली ठेवली. ती शेजारच्या टेबलाशी गेली, तिथली मिठाची बाटली उचलली आणि वडिलांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.

"बाबा," तिनं विचारलं, "किती घालू?"